आईच्या केसपेपरवरची एक ओळ

गवतीचहा

बॉस्टनजवळच्या एका हॉस्पिटलात मी जुन्या नोंदींच्या विभागात काम करते. तळघरातली खोली, खिडकी नाही. मागच्या महिन्यात शेजारच्या टेबलावरची एलेन (नाव बदललंय) निवृत्त झाली. केक कापून झाला, सगळे पांगले, आणि तिने पर्समधून घडी घातलेली एक झेरॉक्स काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्या आईच्या गरोदरपणाचा केसपेपर, १९५६ चा. टाइप केलेला मजकूर, आणि कडेला कुणीतरी पेनने तिरकं लिहिलेलं : स्टिल्ब. २५ मिग्रॅ, वाढवत नेणे.

एवढी एक ओळ हाती यायला तिला अकरा वर्षं लागली. आईचं नाव जिथे घातलं होतं तो दवाखाना बंद पडलेला, डॉक्टर वारलेले, कागद तीन ठिकाणी फिरलेले. आईला विचारावं तर ती म्हणायची, "व्हिटॅमिनच्या गोळ्या होत्या गं त्या."

धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

स्टिल्ब म्हणजे स्टिल्बेस्ट्रॉल, पूर्ण नाव डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल. इथे सगळे डीईएस म्हणतात. लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ मध्ये हे कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या हॉर्मोनची नक्कल, तयार केलं. पोटातून घेता येणारं, जबरदस्त प्रभावी आणि मातीमोल भावाचं. त्यांनी पेटंट घेतलं नाही. हेतू चांगला होता, पण त्यामुळे ज्याच्याकडे गोळ्या पाडायचं यंत्र तो डीईएस विकायला लागला.

गरोदर बायकांपर्यंत ते पोचलं ते आमच्या या बॉस्टनमधून. ऑलिव्ह आणि जॉर्ज स्मिथ हे नवराबायको इथेच संशोधन करत. गर्भपात होण्याआधी बाईची हॉर्मोनं घसरतात, मग बाहेरून इस्ट्रोजेन दिलं तर गर्भ टिकेल, असा त्यांचा हिशोब. सहाव्या-सातव्या आठवड्याला रोज ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात आणि वाढवत वाढवत पस्तिसाव्या आठवड्याला रोज १२५ मिलिग्रॅम. आजच्या गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन २० ते ३५ मायक्रोग्रॅम असतं. दोन्ही औषधं वेगळी आहेत, थेट भागाकार करू नका, पण शून्यं मोजून बघा. पुढे पुढे तर काही जाहिराती सांगायच्या की गर्भपाताचा इतिहास असो-नसो, सगळ्याच गरोदर बायकांना द्या, बाळं मोठी आणि सशक्त होतात.

आता मला सगळ्यात जास्त संताप येतो ती गोष्ट. १९५३ साली शिकागोच्या डीकमन यांनी चाचणी केली. सोळाशेवर बायका, निम्म्यांना डीईएस, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. फायदा शून्य. औषध बंद व्हायला हवं होतं की नाही? अमेरिकेत ते आणखी अठरा वर्षं चाललं. एलेन पोटात होती ती या चाचणीनंतर तीन वर्षांनी.

१९६६ ते ६९ च्या दरम्यान बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या व्हिन्सेंट मेमोरियल विभागात एका विचित्र कर्करोगाच्या मुली येऊ लागल्या. योनीमार्गाचा क्लिअर सेल ॲडिनोकार्सिनोमा. मोठ्या वयाच्या बायकांतही दुर्मीळ आणि या तर पंधरा ते बावीस वर्षांच्या. डॉक्टरांनी आंघोळीच्या साबणापासून सगळं विचारून पाहिलं असणार. धागा मिळाला तो एका मुलीच्या आईमुळे. तिने तिथल्या डॉ. हॉवर्ड अल्फेल्डर यांना विचारलं, हिच्या वेळी मी स्टिल्बेस्ट्रॉल घेतलं होतं, त्याचा तर संबंध नसेल? आधी त्यांना ते पटलं नाही. मग पुढच्या मुलीच्या आईला त्यांनी स्वतःहून विचारलं.

२२ एप्रिल १९७१ ला हर्ब्स्ट, अल्फेल्डर आणि पॉस्कान्झर यांचा लेख आला. आठ मुली. त्यांतल्या सात जणींच्या आयांनी पहिल्या तिमाहीत डीईएस सुरू केलेलं. तुलनेला घेतलेल्या बत्तीस आयांपैकी एकीनेही नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदरपणात हे देऊ नका असं कळवलं. फ्रान्समध्ये १९७७ पर्यंत देत होते.

एलेनला कर्करोग झाला नाही. पोटात असताना डीईएस मिळालेल्या मुलींतही तो साधारण हजारात एकीला होतो. तिला जे झालं ते याहून कितीतरी जणींना झालं. गर्भाशयाची पोकळी उलट्या त्रिकोणासारखी असते, तिची इंग्रजी टी अक्षरासारखी, अरुंद. एक गर्भ नळीत राहिला, नळी काढावी लागली. मग दोन बाळं विसाव्या-बाविसाव्या आठवड्यात गेली. नंतर त्यांनी मुलगा दत्तक घेतला. २०११ मध्ये साडेचार हजारांवर डीईएस-मुलींचा पाठपुरावा छापून आला : पंचेचाळिशीपर्यंत मूल न होण्याचा त्रास ३३ टक्के, बाकीच्या बायकांत साडेपंधरा. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं ५३ टक्के, बाकीच्यांत १८ च्या आत.

तिची आई शेवटची काही वर्षं तिच्याच घरी होती. शिवणाच्या डब्यात बटणांच्या खाली तिने ती गोळ्यांची बाटली जपून ठेवली होती, रिकामी, लेबल फाटलेलं. एलेनने विचारलं, ठेवलीस कशाला? म्हणे, "तू राहावीस म्हणून घेतल्या होत्या ना."

माझा प्रश्न वेगळाच आहे. तुमच्यापैकी कुणाकडे आईचा केसपेपर आहे? माझ्या आईने माझ्या वेळी काय घेतलं होतं हे मला अजिबात माहीत नाही. सातारच्या ज्या दवाखान्यात माझा जन्म झाला तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

मीठभाकर

सुन्न झाले वाचून. शंका आहे, बावळट वाटली तर सोडून द्या. औषध इतकं वाईट होतं तर बाळं जन्मतः व्यंग घेऊन का नाही आली? थॅलिडोमाइडचं तर लगेच कळलं होतं ना?

डॉ. रानजाई

मीठभाकर, प्रश्न बावळट नाही, सगळं त्यातच आहे. थॅलिडोमाइडने हात-पाय खुंटले, सुईणीलाही दिसलं, चार-पाच वर्षांत गोळी बाजारातून गेली. डीईएसची मुलगी जन्मली तेव्हा गोरीगोमटी, वजनदार. तिच्यात जे बदललं होतं ते वयात येईपर्यंत कामालाच लागत नाही.

मुलीच्या गर्भात दोन बारीक नळ्या असतात, म्युलेरियन नलिका म्हणतो आम्ही. त्या खाली येऊन जुळतात आणि त्यांचंच गर्भाशय, बीजनलिका आणि योनीचा वरचा भाग बनतो. कुठल्या तुकड्याने नळी व्हायचं, कुठल्याने गर्भाशय, हे ठरवणारे जनुकांचे बटण असतात आणि हॉर्मोनच्या इशाऱ्यावर ते चालू-बंद होतात. ऐन त्या आठवड्यांत बाहेरचं हॉर्मोन शिरलं की बटण भलत्या वेळी दाबलं जातं. शरीराचं स्वतःचं इस्ट्रोजेन रक्तातली प्रथिनं बऱ्यापैकी बांधून ठेवतात, सगळं मोकाट सोडत नाहीत. डीईएस त्या प्रथिनांना फारसं चिकटत नाही, म्हणून ते थेट पेशीत.

तेच डीईएस प्रोस्टेटच्या कर्करोगाला म्हाताऱ्या पुरुषांना कित्येक दशकं दिलं. त्यांचं छाती-हृदयाचं दुखणं वाढलं, पण कुणाचं गर्भाशय वाकडं झालं नाही, हा पीजे समजा. सांगायचंय ते एवढंच की मात्रेइतकंच महत्त्व तारखेला. भिंत उभी राहिल्यावर ओळंबा हलवला तर काय होणार आहे? पाया भरताना हलला तर घर तिरकं.

निवांत_काका

लेख चांगला आहे पण घाबरवणारा आहे. आमच्या लहानपणी मलेरियाचे लोक घरात डीडीटी मारून दारावर गेरूने तारीख लिहून जायचे. आई वरून फ्लिटची पिचकारी मारायची, त्याच खोलीत आम्ही सात भावंडं झोपायचो. सातही जणांना मुलंबाळं आहेत, नातवंडं आहेत. हल्ली प्रत्येक गोष्टीत केमिकल दिसतं लोकांना. अमेरिकेतल्या एका औषधाची गोष्ट आणि आपला काय संबंध?

दोनओळी

काका, सात जणांच्या घरावरून काही ठरत नाही, माझ्या घरात नऊ होते आणि दोघांना मूल नाही. असं आपण रात्रभर खेळू शकतो.

त्यापेक्षा डीडीटीचंच बघा. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या भागात १९५९ ते ६७ मध्ये गरोदर बायकांचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं होतं. तेव्हा डीडीटी जोरात होतं. बार्बरा कोन यांच्या गटाने ते रक्त तपासलं आणि त्या बायकांच्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांना दिवस राहायला किती वेळ लागला ते विचारलं. २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं : आईच्या रक्तात डीडीटी लिटरला १० मायक्रोग्रॅमने जास्त, की मुलीला दिवस राहण्याची शक्यता सुमारे ३२ टक्क्यांनी कमी. गंमत म्हणजे डीडीटी मोडून जो पदार्थ बनतो, डीडीई, त्याचं उलटं निघालं, त्याने शक्यता थोडी वाढली. म्हणजे "केमिकल वाईट" एवढं सरळ उत्तर नाहीच. पण १९६० मधली बाटली फ्रीजरमध्ये होती म्हणून निदान प्रश्न विचारता तरी आला. गवतीचहा म्हणतेय ते हेच ना?

जाता जाता, डीडीटी आपल्या रायगडातल्या रसायनीतही बनायचं. संबंध विचारलात म्हणून.

निवांत_काका

बरं. ३२ टक्क्यांचं वाचतो. पिचकारी मात्र होती हं, पितळी.

केमिस्ट_सांगलीचा

संबंध आहे काका. चाळीस वर्षं काउंटरवर उभा आहे. सुरुवातीच्या काळात पाळी चुकलेली बाई (खरं तर तिचा नवरा) चिठ्ठी न घेता यायचा आणि "ते पाळीचं" मागायचा. जास्त मात्रेचं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन एकत्र. दोन गोळ्या घ्यायच्या, पाळी आली तर गरोदर नाही, नाही आली तर गरोदर. म्हणजे बाई गरोदर असेल तर नेमक्या त्या नाजूक आठवड्यांत बाळाला हॉर्मोनचा दणका! काही जणी तर गर्भ पडेल म्हणून घ्यायच्या. पडायचा नाहीच.

मुंबई-दिल्लीच्या स्त्री संघटना आणि काही डॉक्टर याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडले. १९८२ मध्ये सरकारने बंदीचा आदेश काढला, कंपन्या कोर्टात गेल्या, शेवटी १९८८ मध्ये बंदी आली. मी त्या दोन गोळ्या किती जणांना दिल्या याचा हिशोब माझ्याकडे नाही. चिठ्ठीच नव्हती तर नोंद कुठली?

स्टिल्बेस्ट्रॉलही असायचं आमच्याकडे, दूध बंद करायला आणि प्रोस्टेटला. गर्भ टिकवायला इथे किती दिलं गेलं ते मला सांगता येणार नाही.

वकिलीण

चिठ्ठीवरून आठवलं. डीईएसच्या मुलींनी कंपन्यांवर खटले भरले तेव्हा हाच घोळ झाला. पेटंट नाही, दोनशेच्या आसपास कंपन्या, सगळ्यांची गोळी सारखी. वीस वर्षांनी आईला कसं आठवणार की बाटली कुणाची होती? कायदा म्हणतो, तुझं नुकसान नेमकं कुणी केलं ते दाखव. १९८० च्या सिंडेल खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळीच वाट काढली : बाजारात ज्या कंपनीचा जितका वाटा, तितका तिने भरपाईचा वाटा द्यावा. आपली गोळी ती नव्हतीच हे सिद्ध केलं तरच सुटका. आम्हाला हा खटला नुकसानभरपाईच्या कायद्यात होता, पण त्यामागे आयांच्या आठवणी होत्या हे कुणी शिकवलं नाही.

एलेनच्या आईच्या त्या फाटक्या लेबलवर नाव शिल्लक असतं तर?

गवतीचहा

नव्हतं. "रात्री जेवणानंतर" एवढंच शिल्लक होतं.

मीठभाकर

मुलग्यांचं काय? सगळं मुलींवरच का चाललंय 🙂

डॉ. रानजाई

मुलग्यांनाही होतं. डीईएस घेतलेल्या आयांच्या मुलग्यांत वृषण खाली न उतरणं आणि वृषणाच्या मागे गाठी जास्त दिसल्या. मुलग्यांसाठीची नाजूक खिडकी साधारण ८ ते १४ आठवडे. त्या वेळी गर्भातलं टेस्टोस्टेरॉन कमी पडलं तर पुढे ते भरून निघत नाही. डेन्मार्कच्या स्काकेबेक यांनी २००१ मध्ये मांडलं की वृषण न उतरणं, लघवीची वाट खालच्या बाजूला असणं, शुक्राणू कमी असणं आणि तरुणपणीचा वृषणाचा कर्करोग यांचं मूळ एकच असावं, गर्भात वृषण नीट न घडणं. सगळ्यांना हे पटलेलं नाही, पण मला पेशंट बघताना पटतं.

इटलीतलं सेवेसो ऐकलंय? १० जुलै १९७६ ला कारखान्यातून डायॉक्सिन या विषारी रसायनाचा ढग सुटला. बावीस वर्षांनी तिथल्या पुरुषांचं वीर्य तपासलं. अपघाताच्या वेळी जे दहा वर्षांच्या आतले होते त्यांचे शुक्राणू कमी निघाले. जे तेव्हा १८ ते २६ चे होते त्यांच्यात फरक नाही. ढग तोच, गावही तेच.

पयस्विनी

मी केरळातल्या कासरगोडचा. आमच्याकडे कऱ्हाड्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, घरात बोलतो ती मराठीच पण पुण्याच्या माणसाला कळेलच असं नाही. म्हणून लिहिताना शुद्धलेखनाकडे काणाडोळा करा.

पद्रे नावाचं गाव आहे. डोंगराच्या माथ्यावर सरकारी महामंडळाच्या काजूच्या बागा, उतारावर घरं, घरांना डोंगरात आडवे खणलेले सुरंग, त्यांतून येणारं पाणी पिण्याला. बागांवर वर्षातून दोन-तीनदा हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारायचे. वीस वर्षांहून जास्त. विहिरी झाकून ठेवा म्हणून सांगायचे. विहीर झाकली जाईल, सुरंग कसा झाकायचा? लहानपणी हेलिकॉप्टर आलं की आम्ही बघायला पळायचो. मधमाश्या मरून पडलेल्या मी स्वतः गोळा केल्यात, काडेपेटीत.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने तिथल्या १० ते १९ वयाच्या ११७ मुलग्यांना तपासलं, तुलनेला लांबच्या गावातले ९०. २००३ मध्ये छापून आलं. आमच्या गावांकडच्या मुलग्यांना वयात यायला उशीर होत होता, आणि मेंदूकडून जितका इशारा जातोय त्या मानाने टेस्टोस्टेरॉन कमी पडत होतं. वृषण न उतरणं, अंडवृद्धी वगैरे आमच्याकडे जास्त दिसलं, पण संख्या इतकी लहान की त्यावरून ठाम बोलता येत नाही, असं त्यांनीच लिहिलंय. या अभ्यासावर टीकाही खूप झाली. आमच्या जिल्ह्यात जे जे आजार झाले ते सगळे एंडोसल्फानचेच, असं मी म्हणणार नाही. पण तो वयात येण्याचा उशीर मी वर्गात बघितलाय. दहावीच्या फोटोत आमच्यातले चौघं सातवीतले वाटतात. आवाज फुटला नाही म्हणून त्यांना नाटकात बायकांची कामं द्यायचे, आणि आम्ही हसायचो.

१३ मे २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदी घातली. हेलिकॉप्टर त्याआधीच, २००० साली, थांबलं होतं.

दोनओळी

काडेपेटीतल्या मधमाश्या. काय लिहिलंयत.

टिकलीपुरती

विषय बदलल्याबद्दल सॉरी, पण मला सहावा महिना आहे आणि हे वाचून झोप येत नाहीये. घरातलं सगळं प्लास्टिक फेकू का? सासूबाई म्हणतात इतकं काही नसतं.

केमिस्ट_सांगलीचा

टिकलीताई, आधी झोप घ्या. डीईएस हे औषध होतं, मुद्दाम रोज पोटात घातलेलं. डब्यातून येतं ते त्याच्यापुढे कणभर. गरम डाळ-भाजी प्लास्टिकमध्ये ओतू नका, मायक्रोवेव्हला काच, बाकीला स्टील. चार सुगंधी क्रीमं कमी करा, वासाच्या गोष्टींत थॅलेट नावाची, हॉर्मोनांत ढवळाढवळ करणारी रसायनं असतात. बिलाचा गुळगुळीत कागद मुठीत चुरगाळत बसू नका. बाळाच्या बाटलीतून ते जुनं कडक पारदर्शक पॉलिकार्बोनेट भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये काढलंय, पण कुणी वापरलेली जुनी बाटली दिली तर घेऊ नका. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध हा धागा वाचून बंद करू नका, हात जोडून सांगतो.

दोनओळी

ते पॉलिकार्बोनेट ज्यापासून बनतं ते बीपीए (बिस्फेनॉल ए) इस्ट्रोजेनसारखं वागतं हे १९३६ मध्येच दाखवलं गेलं होतं. कुणी? त्याच चार्ल्स डॉड्स यांनी! दोन वर्षांनी डीईएस सापडलं म्हणून ते बाजूला पडलं आणि पुढे त्याच्या बाटल्या झाल्या.

१९९८ मधला किस्सा तर सिनेमात शोभेल. पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांची स्त्रीबीजं अचानक बिघडायला लागली. एरवी शंभरात एक-दोन खराब, ती चाळीसवर गेली. महिनोन्‌महिने शोधलं. निघालं काय, तर तात्पुरत्या कामगाराने पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या फरशीच्या कडक साबणाने घासल्या होत्या. प्लास्टिक चरलं आणि बीपीए पाझरलं. भांडी घासणाऱ्याने लावलेला शोध म्हणायचा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली.

टिकलीपुरती

स्टीलचे डबे माळ्यावरून काढले. सासूबाई खूश, त्यांच्या लग्नातले आहेत.

अस्मि_कोथरूड

वाचत होते, लिहू की नको करत होते. माझं वय ३४. साडेतीन वर्षं प्रयत्न, एक आयव्हीएफ फसलं. एचएसजीच्या (गर्भाशयात रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेच्या) रिपोर्टात लिहिलंय, गर्भाशयाची पोकळी टी-आकाराची. त्या रात्री गुगल केलं तर पहिलंच डीईएस आलं. आईला विचारलं, तुला माझ्या वेळी काय दिलं होतं? ती म्हणाली, आधीचं एक गेलं होतं म्हणून दर आठवड्याला कमरेत इंजेक्शन असायचं, तेलकट, खूप दुखायचं. कशाचं ते माहीत नाही. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. जेवत नाही धड. "मीच केलं तुझं हे" एवढंच म्हणते. गवतीचहा, तुझ्या त्या बाटलीपाशी येऊन मी थांबले. पुढचं वाचवेना.

गवतीचहा

अस्मि, काय लिहू कळत नाही. आईकडे काही कागद आहे का बघशील? ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात, कुठेही.

डॉ. रानजाई

अस्मि, तुझा जन्म भारतातला आणि त्या काळातला, तेव्हा डीईएसची शक्यता मला फारच कमी वाटते. दर आठवड्याला तेलकट इंजेक्शन म्हणजे बहुधा हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट, ते वेगळं औषध आहे. आणि हे ठळक करून वाच : आपल्याकडे टी-आकाराची पोकळी दिसली की पहिला संशय गर्भाशयाच्या टीबीचा घ्यायचा. टीबीने आतलं अस्तर आक्रसतं, कडा चिकटतात आणि एचएसजीत तंतोतंत तसाच आकार दिसतो. गुगलला तू पुण्यात राहतेस हे कळत नाही. रिपोर्टात नळ्यांबद्दल काय लिहिलंय? मण्यांसारख्या, जाड, कडक असं काही? खोकला-ताप काही नसतानाही हा टीबी असू शकतो. अस्तराचा तुकडा काढून सीबी-नॅट आणि कल्चर या टीबीच्या तपासण्या झाल्यात का, तुझ्या डॉक्टरांना विचार.

अस्मि_कोथरूड

नळ्यांबद्दल "मणीदार" लिहिलंय. मला वाटलं हे चांगलं असतं.

केमिस्ट_सांगलीचा

कागद सापडला तर फोटो टाका, नाव-पत्ता झाकून. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात माझी हयात गेलीय.

अस्मि_कोथरूड

(सात आठवड्यांनी)

धागा वर आणतेय. आईच्या लग्नातल्या शालूच्या घडीत केसपेपर होता, डाग पडलेला. केमिस्टकाकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला होता, त्यांनी वाचून सांगितलं : हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, लोह, कॅल्शियम. बाकी काही नाही.

आणि कल्चर काल आलं. टीबी आहे. सहा महिन्यांची औषधं सुरू होतील. डॉक्टर म्हणाले, जंतू जातील, पण पोकळी पुन्हा पहिल्यासारखी होईल असं सांगता येत नाही. ते नंतर बघू.

आईला फोन केला. टीबी म्हटल्यावर कुणी घाबरेल ना? ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे इंजेक्शनाचं नव्हतं?" नव्हतं म्हटलं. "बरं. डबा पाठवते," म्हणाली.

केमिस्ट_सांगलीचा

अस्मिताई, गोळ्या सकाळी रिकाम्या पोटी घ्यायच्या, आईचा डबा तासाभराने. लघवी केशरी होईल, घाबरून फोन करू नका. आणि चिठ्ठ्या सगळ्या एका फाइलीत लावा.